सुरगाण्याच्या पोराने खेळायचे नाही का?

गेल्या महिन्यात आम्ही सुरगाण्यातल्या एका मित्रासाठी गेमिंग कॉम्प्युटर जोडून दिला आणि तसे कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर सांगितले. त्यावर जे उपदेश आले, ते वाचून हा लेख लिहिणे भाग पडले. ‘आदिवासी भागात गेमिंग?’ ‘त्या पैशात एमपीएससीची सगळी पुस्तके आली असती.’ ‘पोरगा वाया जाईल.’ ‘कोडिंग वगैरे शिकणार असेल तर ठीक आहे.’ हे लिहिणारे कोणी मनुवादी नव्हते. आपलेच होते, जय भीम म्हणणारे होते, आणि त्यांतल्या दोघांच्या घरी मुलांसाठी प्लेस्टेशन आहे. म्हणून उत्तर जाहीर देतो.

मित्र कोकणा समाजाचा, वय २४. घरची भात-नागलीची शेती आणि अलीकडे थोडी स्ट्रॉबेरी. तो स्वतः लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. जातीचे दाखले, शिष्यवृत्ती, पीक विमा. दिवसभर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यांची कामे. दोन हंगामांत त्याने ४० हजार रुपये साठवले आणि म्हणाला, ‘दादा, मला जीटीए खेळायचाय. फोनवर नको, नीट खेळायचाय.’ बस, एवढेच. कोडिंग शिकायचे आहे असे तो म्हणाला नाही आणि आम्ही त्याच्या तोंडून ते वदवूनही घेतले नाही.

वाद नेमका इथे आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या पोराला खेळायला कारण द्यावे लागत नाही. त्याचा बाप दीड लाखाचे मशीन आणतो आणि कोणी विचारत नाही की याने समाजाचा काय उद्धार होणार. आपल्या पोराने मात्र प्रत्येक रुपयाचा आणि प्रत्येक तासाचा हिशोब द्यायचा. पुस्तक घेतले तर शाबास, चप्पल घेतली तर चालेल, खेळ घेतला की पंचायत बसलीच. गरिबाच्या हातात फक्त उपयोगी वस्तूच शोभते, हा विचार आला कुठून? वरच्यांनी ठरवायचे आणि खालच्यांनी राबायचे, याच व्यवस्थेतून. तो आता आपल्याच तोंडून बोलतो आहे.

बाबासाहेबांनी १९४५ साली ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना यंत्राचा प्रश्न थेट हातात घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाला पशूसारखे नुसते जगायचे नसेल तर त्याला फुरसत हवी, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही. दोष यंत्राचा नाही, यंत्राचे फायदे मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. नुसते लिहून ते थांबले नाहीत. ते मजूरमंत्री असताना फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते वाचलेले सहा तास कामगाराने ‘उपयोगी’ गोष्टीत घालवावेत अशी अट त्या कायद्यात नव्हती. उतारवयात स्वतः बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते. त्यांना कोणी विचारले होते का, की याने चळवळीला काय मिळणार?

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त वजनाचा आहे. जिथे रस्ता नाही, पाणी नाही, दवाखाना नाही, तिथे गेमिंग कॉम्प्युटर? सुरगाण्याची अवस्था आम्हाला कोणी सांगायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये याच तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी वैतागून आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली होती. पण रस्ता देणे हे सरकारचे काम आहे. सरकारने ते केले नाही याची शिक्षा म्हणून पोराने खेळायचेही नाही, हा कुठला न्याय? मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला चालत गेला, त्यात सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती. रक्ताळलेल्या पायांचे फोटो पाहून मुंबई हळहळली, लोकांनी पाणी दिले, चपला दिल्या. चांगले केले. पण शहराला आदिवासी असाच आवडतो: पायाला फोड आलेला, हात जोडलेला. हातात कीबोर्ड घेऊन मजेत बसलेला आदिवासी त्यांच्या डोळ्यांना खुपतो, आणि आता आपल्याही खुपायला लागला आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण भागात कॉम्प्युटर असलेली घरे होती ४.४ टक्के, शहरी भागात २३.४ टक्के. त्यानंतर गावात स्मार्टफोन आला आणि सरकारने डिजिटल क्रांती झाली म्हणून ढोल वाजवले. फोन हे पाहण्याचे आणि पैसे भरण्याचे यंत्र आहे. त्याला उघडता येत नाही, सुधारता येत नाही, दुकानदार देईल ते मुकाट घ्यायचे. कॉम्प्युटरचा डबा चार स्क्रूंनी उघडतो, आत काय आहे ते दिसते, आणि एक भाग काढून दुसरा घालता येतो. आमच्या दृष्टीने हा फरक राजकीय आहे. या देशात ज्ञान नेहमीच बंद डब्यात ठेवले गेले.

डबा बंद ठेवल्याने काय होते ते ऐका. मित्र आधी एकटाच नाशिकच्या एका दुकानात जाऊन आला होता. त्याला ३८ हजारांत ‘आय-सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’ असे मशीन सांगितले. काचेचा कॅबिनेट, आत रंगीबेरंगी दिवे. त्याने पाठवलेला फोटो आम्ही नीट पाहिला. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ चा. बोर्ड एच६१, त्याहून जुने. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, जे २०१४ साली आले आणि तेव्हाही तळाचेच होते. पॉवर सप्लायवर कंपनीचे नाव नाही. कार्डावर मेमरी किती ते मोठ्या अक्षरात, कार्ड किती जुने ते कुठेच नाही. याला आम्ही नुसती फसवणूक म्हणत नाही. सावकाराच्या वहीत आकडा काय लिहिला ते आपल्या आज्याला वाचता येत नव्हते, ती हीच वही आहे.

मग आम्ही काय जोडले? प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि ग्राफिक्स त्याच्या पोटातच, त्यामुळे वेगळे कार्ड आत्ता लागत नाही. ते पोटातले ग्राफिक्सही त्या जीटी ७३० च्या पुढे आहे. ए५२० बोर्ड. रॅम १६ जीबी, पण एकच पट्टी नाही, आठ-आठच्या दोन. कारण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरते, आणि एक पट्टी टाकली की त्याची वाट निम्म्याने अरुंद होते. दुकानदार हे सांगत नाहीत. बायोसमध्ये जाऊन रॅमचा पूर्ण वेग चालूही करावा लागतो, नाहीतर पैसे पुरे भरूनही ती कमी वेगाने चालत राहते. ५०० जीबीची एसएसडी. दिव्यांवर शून्य खर्च. पॉवर सप्लाय मात्र ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ, नवा आणि पक्क्या बिलाचा. पावसाळ्यात सुरगाण्याची वीज कशी येते-जाते ते तिथे राहिलेल्यालाच कळते, आणि स्वस्त सप्लाय जळताना सोबत बोर्डही घेऊन जातो. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस. खेळतानाही सगळे मिळून दीडशे वॅटच्या आत राहते, त्यामुळे वीज गेल्यावर गेम सेव्ह करून मशीन बंद करायला वेळ मिळतो. पुढे पैसे आले की आरएक्स ६६०० सारखे कार्ड याच सप्लायवर बसेल.

मॉनिटर एका ऑफिसातून निघालेला, जुना. रॅमही जुनी घ्यावी लागली, आणि त्यामागे जगाचे राजकारण आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी बाजारातली मेमरी उचलली. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. अब्जाधीशांच्या गोदामाची भूक सुरगाण्यातल्या पोराच्या खिशातून भागवली जाते, ती अशी. वर १८ टक्के जीएसटी आहेच. तो अंबानीलाही १८ आणि नागली पिकवणाऱ्यालाही १८. याला समता म्हणायचे असेल तर म्हणा.

आणखी एक. हा गेम १०० जीबीच्या पुढे आहे. रोजच्या दीड जीबी डेटात तो उतरवायचा तर दोन महिन्यांहून जास्त लागतील. म्हणून तो नाशिकमध्येच एसएसडीवर उतरवून घेतला आणि सगळे भाग एसटीने सुरगाण्याला नेले. जोडणी मित्राने स्वतः केली. आम्ही शेजारी बसून फक्त सांगत होतो.

‘पोरगा वाया जाईल’ म्हणणाऱ्यांनी जुगार आणि खेळ यांत गल्लत करू नये. आपली पोरे बरबाद झाली ती रमीच्या आणि सट्ट्याच्या ॲपमुळे, आणि त्यासाठी साधा फोन पुरतो. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्याच जिल्ह्यातले, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहात फोनवर रमी असल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांचे कृषी खाते गेले आणि मिळाले कोणते? क्रीडा आणि युवक कल्याण! मंत्र्याला खाते बदलून मिळते, आदिवासी पोराला उपदेश मिळतो.

राहिला संस्कृतीचा मुद्दा. गेममधून अमेरिकी हिंसा येते, म्हणे. येते. भारतीय गेममधून काय येते तेही पाहा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला, जगभर नावाजला गेला, आणि त्यात गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. कारागिरी उत्तम आहे, ते नाकारत नाही. पण आमचा प्रश्न आहे की कणसरीची गोष्ट पडद्यावर कोण आणणार? महाडचा सत्याग्रह कोण आणणार? राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी ३ हजार कोटींहून मोठ्या आराखड्याचे धोरण मंजूर केले आहे. तो पैसा कोणाच्या स्टुडिओत जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याने आयुष्यात पुस्तक वाचले नाही तो लेखक होत नाही, तसेच ज्याने गेम खेळला नाही तो गेम बनवत नाही. ब्लेंडर आणि गोडो ही दोन्ही साधने फुकट आहेत आणि याच मशीनवर चालतात. आम्ही ती टाकून ठेवली आहेत. मित्राने ती उघडली नाहीत तरी आमची तक्रार नाही.

काहींनी सुचवले की त्यापेक्षा आश्रमशाळेला जुने कॉम्प्युटर दान द्या. द्या ना, कोणी अडवले? पण दान देणारा उभा असतो आणि घेणारा वाकलेला. बुद्धाने करुणेच्या सोबत मैत्री सांगितली आहे आणि मैत्रीत दोघे एकाच चटईवर बसतात, एकाच्या हातात स्क्रूड्रायव्हर आणि दुसऱ्याच्या हातात टॉर्च.

आता उंबरठाणच्या दोघांनी विचारणा केली आहे. त्यांचे बजेट ३० हजारांच्या आतच आहे, त्यामुळे ऑफिसांतून निघालेल्या जुन्या मशीनवरच काम भागवावे लागेल. ज्या कार्यकर्त्यांकडे डीडीआर४ रॅमच्या पट्ट्या, चालू मॉनिटर किंवा एसएसडी पडून असतील त्यांनी कळवावे. रास्त भाव देऊ. जळके पॉवर सप्लाय मात्र कृपया पाठवू नयेत.

जय भीम! जय जोहार!