लॉजाची दप्तरे

फ्रीमेसनांच्या लॉजाविषयी आम्ही अग्रलेख लिहावा, याचे आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. आम्ही मेसन नाही, व होण्याची उत्कंठाही नाही. ज्या घरास उत्तरेकडील लोक 'जादूघर' म्हणत, त्यातील जादू ज्याची त्यास लखलाभ असो! परंतु त्या घरातील कपाटांत आमच्याच समाजाच्या इतिहासाचे एक प्रकरण पडलेले आहे, आणि त्याची वाळवीशी गाठ आहे.

मुंबईचेच उदाहरण घ्या. विश्वबंधुत्वाची शपथ वाहिलेल्या गोऱ्या मंडळींनी माणेकजी करसेटजी या सुशिक्षित पारशी गृहस्थांस येथे दारातूनच परतविले. ते पॅरिसास जाऊन मेसन होऊन आले. मुंबईत न सापडलेले बंधुत्व पॅरिसास सापडावे, ही गोष्ट पुष्कळ शिकविणारी आहे. पुढे डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ च्या डिसेंबरात एतद्देशीयांकरिता 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढले व माणेकजी त्याचे चिटणीस झाले. कलकत्त्यास तर प्रसन्नकुमार दत्त यांस, ते हिंदू म्हणून, १८७२ पर्यंत झगडावे लागले. १९१२ साली वाडिया यांनी 'रायझिंग स्टार'चा इतिहास छापला, म्हणून त्याची हकीकत आज सहज हाती लागते. ज्या लॉजांस असा वाडिया लाभला नाही, त्यांचे काय?

यावर 'आमचे कामकाज गुप्त असते' असे उत्तर येते. आम्ही कायद्याचे विद्यार्थी. हे उत्तर आम्हांस पटत नाही. १७९९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने गुप्त मंडळ्या बंद केल्या, तेव्हा मेसनांस सूट दिली ती एका अटीवर : प्रत्येक लॉजाने सभासदांची नावे, ठिकाण व धंदा दरसाल सरकारी अधिकाऱ्याकडे लिहून द्यावा. हा कायदा १९६७ पर्यंत होता. त्याने मेसनांचे कोणतेही गुह्य फुटले नाही. उलट त्याच याद्या आज इतिहासकारांच्या उपयोगी पडतात. विधी झाकून ठेवा. पण वर्गणीचा हिशेब हे काही गुह्य नव्हे.

नावे उघड होण्याची भीती आम्हांस परकी नाही. १८४९ साली निघालेली परमहंस सभा, सभासदांची यादी १८६० च्या सुमारास भलत्याच हाती पडली म्हणून विसकटली. जातीबाहेर पडण्याचे भय त्या काळी खरे होते. त्या मंडळींस आम्ही नावे ठेवीत नाही. पण अ. का. प्रियोळकरांस १९६६ मध्ये तिचा इतिहास लिहिताना चिटोरी जुळवावी लागली. आज त्या यादीत आपल्या पणजोबांचे नाव निघाले, तर कोणास लाज वाटेल?

१९६१ मध्ये हिंदुस्थानची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली. काही लॉजे तिकडे गेली, काही मूळ छत्राखालीच राहिली. इंग्लंडच्या ग्रँड लॉजेची १७५१ ते १९२१ ची सभासदपत्रके फी भरणाऱ्यास घरबसल्या पाहता येतात. म्हणजे आमच्याच माणसांची नावे शोधण्यास आम्ही लंडनच्या दारी उभे राहावयाचे!

तेव्हा लॉजाच्या चिटणिसांस आमची विनंती अशी. दिवाळीच्या साफसफाईत जुनी इतिवृत्ते व हजेरीची पुस्तके रद्दीवाल्यास देऊ नका. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. भिंतीवरील तसबिरींतील माणसे ओळखणारे वृद्ध हयात आहेत तोवर मागे नावे लिहून घ्या. सत्तर वर्षांपूर्वीच्या कागदांची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवा. आणि ज्या पानांवर एखाद्या देशी उमेदवारास काळी गोटी पडल्याची नोंद असेल, ती पाने अब्रूखातर फाडू नका. आम्हांस सर्वांआधी तीच पाहावयाची आहेत.