हायड्रोजन : इंधन चांगलं, पण ते बनलं कशापासून?



"पाण्यावर चालणारी गाडी आली, आता पेट्रोल विसरा!" असा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. खाप्यात मुलं वर्गात आणि पालक शाळेच्या दारात याबद्दल इतक्या वेळा विचारतात की या वेळचं सदर हायड्रोजनसाठीच ठेवलं आहे.

आधी त्या पाण्याच्या गाडीचं बघू. पाण्यात हायड्रोजन आहे, हे खरं. पण हायड्रोजन जळतो, म्हणजे ऑक्सिजनशी एकत्र येतो, तेव्हाच पाणी तयार होतं. 'हायड्रोजन' या नावाचा अर्थच मुळी 'पाणी निर्माण करणारा' असा आहे. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख झाली. चुलीतली राख काही पुन्हा पेटत नाही. पाण्यातून हायड्रोजन सोडवता येतो, पण त्यासाठी तो जळताना जेवढी ऊर्जा मिळते त्याहून जास्त ऊर्जा आधी खर्च करावी लागते. तेव्हा नुसत्या पाण्यावर गाडी पळवणारं यंत्र विकायला कोणी आलं, तर पैसे खिशातच राहू द्या.

हायड्रोजनवरची गाडी मात्र खरी आहे. 30 मार्च 2022 रोजी आपल्या नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी अशाच टोयोटा मिराई गाडीतून संसदेत गेले होते. त्याच वर्षी 21 ऑगस्टला पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून बनवलेली बस लोकांसमोर आली. या गाड्यांच्या टाकीत पाणी नसतं, खूप दाबाखाली भरलेला हायड्रोजन वायू असतो. 'फ्युएल सेल' नावाच्या उपकरणात हा वायू आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते, त्या विजेवर मोटर फिरते आणि मागून फक्त पाण्याची वाफ निघते. धूर नाही, काजळी नाही.

मग अडचण कुठे आहे? कोळसा खाणीत सापडतो, तसा हायड्रोजन आपल्याला हवा तिथे मोकळा सापडत नाही. तो बनवावा लागतो. म्हणून तो किती स्वच्छ, हे गाडीच्या मागे बघून कळत नाही. तो कशापासून बनला, हे विचारावं लागतं.

पाण्यातून वीज सोडून एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे 50 ते 55 युनिट वीज लागते. ही वीज कोळशाची असेल तर काय होतं? खापरखेडा आणि कोराडीची पॉवर हाऊसं आपल्यापासून दूर नाहीत. कोळशापासून एक युनिट वीज करताना एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे त्या विजेवर एक किलो हायड्रोजन बनवला, तर जवळपास 50 किलो कार्बन डायऑक्साइड झाला. नैसर्गिक वायूपासून तेवढाच हायड्रोजन काढला तर तो साधारण 10 किलो असतो. गाडीमागे वाफ निघेल, पण तिचा धूर आपल्या चिमण्यांतून निघेल आणि राखही आपल्याच वाट्याला येईल. जुलै 2022मध्ये खसाळ्याचा राखेचा तलाव फुटला आणि राख शेतांत शिरली, हे आपण विसरलेलो नाही. सूर्य किंवा वाऱ्याच्या विजेवर बनलेल्या हायड्रोजनलाच 'हरित' म्हणतात, ते यासाठी.

केंद्र सरकारने जानेवारी 2023मध्ये 19,744 कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. 2030पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजन बनवण्याची क्षमता उभारायची, असं त्याचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी जुलैत आपलं धोरण आणलं.

हा हायड्रोजन मुख्यतः कुठे लागणार? याचं उत्तर आपल्या संत्र्याच्या आणि कपाशीच्या शेतात आहे. युरिया अमोनियापासून बनतो आणि अमोनिया हायड्रोजनपासून. 45 किलोच्या एका गोणीमागे साधारण साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून येतो आणि त्यातला बराच वायू आपण परदेशातून विकत घेतो. खत, तेलशुद्धीकरण, पोलाद ही हायड्रोजनची खरी कामं. तिथे बॅटरीने भागत नाही.

घरासाठी मात्र हिशोब वेगळा आहे. 55 युनिट वीज घालून हायड्रोजन केला, दाबून भरला आणि गाडीत पुन्हा त्याची वीज केली, तर हाती जेमतेम एक तृतीयांश उरते. तीच वीज बॅटरीत भरली तर बराच मोठा भाग परत मिळतो. म्हणून स्कूटर किंवा स्वयंपाकघरासाठी हायड्रोजनची वाट बघत बसू नका. नागपूरचं ऊन डोक्यावर आहे. फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या छतावरच्या पॅनलला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. छत स्वतःचं असेल तर घरात याचा विचार जरूर करा.

मुलांना हायड्रोजन दाखवायचा असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासा. खालची टोकं पाण्यात बुडवा आणि वरची नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला तारेने जोडा. ऋण टोकाच्या पेन्सिलीवर जास्त बुडबुडे येतील, तोच हायड्रोजन. सोड्याऐवजी मीठ घालू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. घरातल्या प्लगची वीज तर अजिबात वापरू नका. काडी ओढू नका, खिडकी उघडी ठेवा आणि मोठ्यांनी जवळ थांबा.

आपल्या भागातली कितीतरी घरं कोळसा खाणी आणि पॉवर हाऊसच्या मजुरीवर चालतात. उद्या जिल्ह्यात हायड्रोजनचा प्रकल्प आला तर नुसत्या 'हरित' या शब्दावर खूश न होता तीन सवाल विचारा : वीज कुठली? पाणी कन्हानचं की शहरातलं सांडपाणी शुद्ध करून आणलेलं? आणि आज खाणीत उतरणाऱ्यांच्या मुलांना तिथे काम शिकवणार का? या तिसऱ्या सवालाची तयारी मात्र आपल्यालाच करायची आहे. आठवी-नववीतली मुलं, आणि मुलीही, विज्ञान अर्ध्यावर सोडणार नाहीत एवढं बघा.

अल्लाह हाफिज.