वाढीव पाटा आणि कायद्याची दृष्टी

भुसावळहून वरणगावमार्गे मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मोटारदुरुस्तीची जी दुकाने आहेत, त्यांत हल्ली दोन तऱ्हांचे गिऱ्हाईक येते. पहिला असतो पंचविशीतला तरुण. पुण्याहून वा मुंबईहून जुनी, पण दिसायला चपळ अशी गाडी त्याने आणलेली असते. ती दोन इंच खाली बसावी, वळणावर झुकू नये, शर्यतीच्या गाडीसारखी रस्त्याला धरून राहावी, एवढीच त्याची इच्छा. दुसरा असतो मालवाहू पिकअपचा किंवा ट्रकचा मालक. त्याला शर्यतीचे सोयरसुतक नाही. केळी, खडी वा सिमेंट भरल्यावर गाडी मागून बसते, ती बसू नये म्हणून कमानीत एक-दोन पाटे वाढवून मिळावेत, असे त्याचे म्हणणे. मिस्त्री तोच, जॅक तोच, पाने तेच. दोघांचेही काम संध्याकाळपर्यंत उरकते.

कायद्याच्या लेखीही ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. वस्तुतः ती तशी नाहीत. आणि दोहोंना एकच माप लावल्यामुळे जे सुधारायला हवे ते अडते व जे अडवायला हवे ते निसटते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. गाडीचा भार पेलते ती स्प्रिंग किंवा पाट्यांची कमान. खड्ड्यातून चाक उसळले की स्प्रिंग दाबली जाते आणि उलटून वर फेकते; हे हेलकावे शमविण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. ही जोडी एकमेकांच्या मापाने बांधलेली असते. स्प्रिंग कडक केली आणि शॉकॲब्सॉर्बर जुनाच ठेवला तर हेलकावा वेळेवर शमत नाही, चाक क्षणभर रस्ता सोडते. ज्या क्षणी चाक रस्त्यावर नाही त्या क्षणी ब्रेक नाही आणि स्टिअरिंगही नाही. शर्यतीच्या गाडीचे सस्पेन्शन कडक असते, हे अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे असे की त्यातील स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, टायर आणि गाडीचे वजन यांचा हिशेब एकत्र केलेला असतो. जर्मनीच्या बिल्स्टीनसारख्या किंवा स्वीडनच्या ओलिन्ससारख्या कंपन्या जे संच विकतात, त्यांची किंमत लोखंडाची नसून मुख्यतः या हिशेबाची असते.

आमच्याकडील तरुणाला हे संच परवडत नाहीत. मग तो स्वस्त मार्ग धरतो. स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकला की गाडी खाली बसते. पण वेढा कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, आणि खड्ड्यात चाक खाली लोंबले की आपल्या बैठकीतून सुटण्याचा धोका राहतो. याच्या उलट, गाडी उंच करण्यासाठी दोन वेढ्यांमध्ये रबराचे बफर घालतात. तेही बाजारात सर्रास मिळतात. शिवाय खाली बसविलेल्या गाडीला आमचे रस्ते मानवत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे मंद चढउताराचा असावा. आमच्याकडील गतिरोधक बांधणाऱ्यांना त्यातील उंची बहुधा ठाऊक असते, रुंदी नसते. त्यामुळे तरुणाच्या हौसेचा पहिला बळी गाडीचे इंजिन-तळ हाच ठरतो.

तरीही या तरुणाची मागणी मुळात वाईट नाही. योग्य संच योग्य रीतीने बसविला तर गाडी वळणावर अधिक स्थिर राहते आणि अचानक चाक वळवावे लागले तरी ताब्यात राहते. दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीचे थकलेले शॉकॲब्सॉर्बर काढून चांगल्या प्रतीचे बसविणे ही तर सुरक्षिततेचीच गोष्ट झाली. यात चूक झाली तर जीव जातो तो त्याचा आणि समोरून येणाऱ्याचा. ती चूक लहान नव्हे. पण ती मापाची चूक आहे, आणि मापाची चूक तपासणीने टाळता येते.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचे प्रकरण निराळे आहे. त्याच्या कामात मिस्त्रीची चूक होत नाही. काम बरोबर होते, हीच अडचण आहे. पाटा वाढविल्याने गाडीची भार वाहण्याची शक्ती वाढते, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात वाढते ती फक्त कमानीची ताठरता. ॲक्सल तोच राहतो, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायर तेच. वजन एक पंचमांशाने वाढले की तेवढ्याच वेगातील गाडी थांबविताना ब्रेकला एक पंचमांश अधिक उष्णता सोसावी लागते. पाट्यांना त्याची वार्ताही नसते. गाडी मागून बसणे ही चालकाला, पोलिसाला आणि रस्त्यावरच्या कोणालाही दिसणारी सूचना होती. वाढीव पाटा ती सूचना पुसून टाकतो. अर्थशास्त्रात किंमत ही माहिती असते असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो. ती दाबून ठेवली की टंचाई नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. बसलेल्या कमानीचेही तसेच आहे.

याचा खर्च कोण भरतो? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे रस्त्यांची एक प्रचंड चाचणी झाली. महिनोन् महिने मालमोटारी फिरवून रस्ता कसा झिजतो ते मोजण्यात आले. निष्कर्ष असा निघाला की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या स्थूलमानाने चौथ्या घाताने वाढते. भार शेकडा २० ने वाढला की झीज शेकडा २० ने वाढत नाही. ती दुपटीहून अधिक होते. एक टनाच्या मोटारीचा एक आस अर्धा टन पेलतो आणि मालमोटारीचा मागचा आस दहा टन. भार वीसपट, झीज १,६०,००० पट! वरणगावच्या तरुणाने आपली गाडी खाली बसविली काय किंवा वर उचलली काय, रस्त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाने वाढविलेला प्रत्येक टन मात्र सार्वजनिक बांधकामाच्या अंदाजपत्रकात उमटतो. शिवाय ताठर कमान खड्ड्यावर भार आपटविते, तो हिशेब वेगळाच.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींच्या आसांवरील भाराची मर्यादा वाढविली. चार टायरच्या एका आसाला १०.२ टनांऐवजी ११.५ टनांची मुभा मिळाली आणि दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. वाढ दिसायला शेकडा १३ ची. पण चौथ्या घाताने त्या आसाखालच्या रस्त्याची झीज सुमारे १.६ पट होते. म्हणजे कायदेशीर मर्यादेनेच रस्त्याच्या सहनशक्तीतला बराच वाटा खाल्लेला आहे. त्यावर वाढीव पाट्यांच्या आडून चढणारा माल बेहिशेबी.

ट्रकमालकाला येथे खलनायक ठरविण्याचा हेतू नाही. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यातील केळी नाशवंत. काढणी झाली की थांबता येत नाही. गाडीवर कर्जाचा हप्ता, डिझेलचा भाव हातात नाही, आणि भाडे ठरते ते शेजारच्या मालकाने किती टन भरले यावर. एकाने पाटा वाढविला तर त्याला चार पैसे अधिक सुटतात. सगळ्यांनी वाढविला की टनामागचे भाडे तेवढे उतरते, आणि अखेर कोणाच्याच हाती काही उरत नाही. उरतात तुटलेले पाटे आणि खचलेला रस्ता. अशा स्पर्धेतून एकट्याने बाहेर पडणे म्हणजे धंदा सोडणे. म्हणून येथे उपदेश कामाचा नाही, सर्वांना सारखाच लागू होणारा नियम हवा.

आता नियम काय आहे ते पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून भिन्न होतील असा बदल मालकाने करू नये, असा तिचा आशय. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगीबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण नोंदणीपुस्तकात स्प्रिंगचा वा पाट्यांचा उल्लेखच नसतो! मग पाटा वाढविणे हा 'बदल' आहे की दुरुस्ती? 'वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल' अशी व्याख्या कायदा देतो आणि पुढचे काम रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. जेथे मर्जी आली तेथे तिचा भावही ठरतो, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्यातून खाली बसविलेली रंगीबेरंगी गाडी दुरून नजरेत भरते. ट्रकखालचा जादा पाटा पाहण्यास वाकावे लागते.

गंमत अशी की ज्या सुट्या भागांविषयी कायदा असा संदिग्ध आहे, त्यांच्यावरील वस्तू व सेवा कर सरकार निःसंदिग्धपणे घेते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सर्व सुट्या भागांवर तो शेकडा १८ आहे. त्यापूर्वी सस्पेन्शनच्या भागांवर २८ होता.

वाट मात्र बंद नाही. २०१९ च्या दुरुस्तीनेच केंद्र सरकारला अशा बदलांसाठी मानके व मंजुरीच्या अटी ठरविण्याचा अधिकार दिला आहे, आणि मंजूर बदलामुळे निर्मात्याची हमी रद्द समजू नये, असेही म्हटले आहे. सीएनजीच्या संचाला अशी मंजुरीची पद्धत आहेच. तीच सस्पेन्शनला लावावी. जर्मनीत बाजारातला स्प्रिंग-संच आपल्या चाचणी अहवालासह विकला जातो, तो बसविल्यावर अधिकृत अभियंता गाडी तपासतो आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदांत होते. नोंद झाली की पोलिसाशी वाद नाही, विमा कंपनीशीही नाही. आपल्याकडे हे करण्यास माणसे वा यंत्रे नाहीत असे नव्हे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून काम करीत आहे. मध्य प्रदेशात पिथमपूर येथे ११.३ किलोमीटर लांबीचा चाचणीमार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. शॉकॲब्सॉर्बर बनविणारी गॅब्रिएल इंडिया १९६१ पासूनची आहे आणि तिचा एक कारखाना आपल्या नाशिकला आहे. खुद्द वरणगावात आयुध निर्माणी आहे. तेथे काडतूस मापात बसले नाही तर ते पुढे जात नाही. अशा गावात गाडीची स्प्रिंग अंदाजाने कापली जावी, हे विचित्र खरे.

मालवाहू गाड्यांसाठी याच्या अगदी उलट धोरण हवे. निर्मात्याने किती पाटे दिले तो आकडा नोंदणीपुस्तकात लिहावा आणि योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी ते मोजावेत. मोजणी दोन मिनिटांची आहे, तिला यंत्र लागत नाही. जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड कलम १९४ मध्ये आहे. पण तो वजनकाट्यावर सापडलेल्यालाच बसतो. वाढीव पाटा रिकाम्या गाडीतही सापडतो. तो काढल्याखेरीज प्रमाणपत्र नाही, एवढे ठरले तर साऱ्या मालकांवर एकदमच बंधन येईल, आणि भाडेही पुन्हा खऱ्या टनांवर ठरू लागेल.

चाचणीचा खर्च लहान मिस्त्रीला झेपणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो त्याच्यावर टाकण्याचे कारण नाही. चाचणी संचाची होते आणि ती निर्माता एकदाच करतो. हजारो संचांवर विभागली की तिचा भार नगण्य होतो. मिस्त्रीने फक्त कोणता संच, कोणत्या गाडीत, कोणत्या तारखेस बसविला याचा सहीशिक्क्याचा दाखला द्यायचा आहे.