घरचा बर्फच बरा?

समजा, तुमच्या हातात दोन ऑफर्स आहेत. एक जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची. पण तुम्हाला मुख्य ऑफिसात बसवायचं की आडगावच्या शाखेत, हे कंपनी ठरवणार; आणि शाखेत धाडलं की पगार एकदम खाली. दुसरी ऑफर घरच्या कंपनीची. नाव लहान, पण काम पहिल्या दिवसापासून तुमच्या हातात. कोणती घ्याल?

रशियातले तरुण आइस हॉकीपटू याच पेचात असतात. मोठी कंपनी म्हणजे अमेरिका-कॅनडाची एनएचएल, शाखा म्हणजे तिच्याखालची एएचएल आणि घरची म्हणजे २००८ साली सुरू झालेली केएचएल.

आधी पैशांचं बघू. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान वार्षिक पगार होता ७ लाख ७५ हजार डॉलर. पण नवोदितांचा करार बहुतेकदा ‘टू-वे’ असतो. एएचएलमध्ये पाठवलं की वर्षाला लाखभर डॉलरही हातात पडत नाहीत. केएचएलचे बडे क्लब चांगल्या खेळाडूला याहून बरंच जास्त देतात. वर भाषा आपली, माणसं आपली.

पण प्रश्न फक्त पैशांचा नाही. वादिम शिपाचोव्हचंच बघा. २०१७ मध्ये वेगास गोल्डन नाइट्सनं त्याला दोन वर्षांसाठी ९० लाख डॉलर देऊ केले आणि एएचएलमध्ये पाठवलं. एनएचएलचे जेमतेम तीन सामने खेळून तो रशियात परतला. २०२०-२१ मध्ये केएचएलमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच होते.

किरिल कॅप्रिझोव्हनं तर घाईच केली नाही. २०१५ मध्ये मिनेसोटा वाइल्डनं त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं, तरी तो २०२० पर्यंत घरीच खेळला. २०१८ च्या ऑलिंपिकला एनएचएलनं खेळाडू सोडले नाहीत; त्या फायनलमध्ये जर्मनीविरुद्ध जादा वेळेत सुवर्णगोल मारला तो यानं. मग थेट एनएचएल गाठली आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी!

अर्थात, घरी राहणं ही दरवेळी स्वतःची निवड नसते. गोलरक्षक इव्हान फेदोतोव्हनं २०२२ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सशी करार केला. काही आठवड्यांत लष्करी सेवा टाळल्याच्या आरोपावरून त्याला ताब्यात घेतलं गेलं. फ्लायर्सपर्यंत पोचायला २०२४ उजाडलं.

त्यामुळे ‘हा अमेरिकेला घाबरला’ असं म्हणण्याआधी एवढं बघा: तिकडे त्याला खेळायला मिळणार होतं का? आणि इकडून निघायची मोकळीक होती का? उद्या तुमच्या हातात ऑफर लेटर येईल, तेव्हाही पगाराच्या आकड्याखालच्या अटी आधी वाचा.