घट्ट्यांवाचून सेवा

परीक्षा आटोपल्या की अभियांत्रिकी आणि कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपुढे अलीकडे एक नवी वाट उघडी होते. परदेशातील एखाद्या खेड्यात काही आठवडे जाऊन राहावे, तेथे पाण्याची टाकी बांधावी, सौरदिवे बसवावेत, शेतात चार दिवस राबावे आणि प्रमाणपत्र घेऊन परतावे. तिकडचे विद्यार्थी इकडे येतात. इकडचेही तिकडे जाऊ लागले आहेत. तरुणांच्या उत्साहाची टवाळी करणे हा आमचा हेतू नव्हे. पुस्तकात मान घालून बसलेल्या मुलास हातात पाना आणि कुदळ घ्यावीशी वाटणे, ही आम्हांस शुभ गोष्टच वाटते. परंतु ज्या खेड्यात ही सेवा घडते, त्या खेड्याच्या पदरी शेवटी काय पडते, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सोलापूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात विंधनविहिरी घेण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले, तेव्हा त्यांवर बसविलेले बिडाचे हातपंप पाश्चात्त्य देशांतील एकेका कुटुंबाच्या वापरासाठी योजलेल्या पंपांच्या नकला होत्या. अख्ख्या गावाचा भार पडताच ते मोडत. १९७० नंतरच्या दशकात युनिसेफने पाहणी केली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. अशा काळात जालना आणि सोलापूर येथे परदेशी मिशनची माणसे आणि इथले मिस्त्री यांनी लोखंडाची पत्रे व नळ्या जोडून दणकट पंप तयार केले. त्यांतील ‘सोलापूर पंप’ सर्वांत टिकाऊ ठरला. युनिसेफ व भारतीय अभियंते यांनी तोच नमुना पुढे सुधारला आणि ‘इंडिया मार्क-२’ जन्मास आला. त्याचा आराखडा कोणाच्या खाजगी मालकीचा राहिला नाही; आफ्रिकेतील कित्येक गावे आजही त्याच पंपाचे पाणी पितात.

हे यश परदेशी माणसाच्या विद्वत्तेचे नव्हते, तसे निव्वळ देशी कारागिराच्या कसबाचेही नव्हते. दोघांनी एकाच जागी दीर्घकाळ राहून, मोडलेला पंप पुनःपुन्हा उघडून पाहिला, त्याचे ते फळ होते. आणि तेवढ्यावरही हिशेब संपला नाही. मार्क-२ बिघडला की दुरुस्तीसाठी बाहेरून पथक यावे लागे. म्हणून गावच्याच माणसाला उघडता येईल असा मार्क-३ पुढे काढावा लागला. यंत्र बसविणे सोपे, ते चालते ठेवणे कठीण, हा धडा त्यातून मिळतो.

याच्या उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेतून निघालेल्या ‘प्लेपंप’चे. मुलांनी फिरत्या चक्रावर खेळावे आणि त्या खेळातून पाणी वर यावे, अशी ती मोहक कल्पना. २००६ मध्ये तिला अमेरिकेतून मोठा निधी मिळाला. पण मुले काही दिवसभर खेळत नाहीत. मग ते जड चक्र बायकांना हातांनी ओढावे लागले, आणि बिघाड झाला की दुरुस्ती लवकर होईना. काही वर्षांतच मोहीम गुंडाळली गेली. चक्राची छायाचित्रे मात्र फार सुंदर आली होती!

वास्तव्याची मुदत हा या साऱ्या विषयाचा कणा आहे. अमेरिकेने १९६१ मध्ये पीस कोअरची स्थापना केली, तेव्हा स्वयंसेवकासाठी २ वर्षांची मुदत आणि स्थानिक भाषेचे शिक्षण हा नियम ठेवला. ही तरुण मंडळी १९७६ पर्यंत भारतात येत होती. त्या संस्थेच्या हेतूंविषयी मतभेद असतील. नियम मात्र शहाणपणाचा होता. आणि आमच्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस? १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, तेथली भाषा शिकले, तेथेच संसार थाटला, आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तेथेच देह ठेवला. प्रत्येक विद्यार्थ्याने असे आत्मार्पण करावे, असे कोणी म्हणणार नाही. पण दोन आठवड्यांच्या मुक्कामाला सेवा म्हणताना या माणसाची आठवण ठेवावी, इतके म्हणण्याचा अधिकार या शहराला खास आहे.

आता प्रश्न दुधनीचा. सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला हे तुरीच्या बाजारपेठेचे गाव आहे. परिसरातील शेती पुष्कळशी पावसावर अवलंबून. घराघरांत कानडी बोलली जाते. सोलापूरचा मराठी विद्यार्थी तेथे उतरला की त्याची भाषा अडते, मातीची जात कळत नाही, तुरीवरची अळी आणि पाण्याची पातळी या दोन्ही बाबतींत तो अडाणी ठरतो. म्हणजे परदेशात जो अनुभव पैसे मोजून घ्यावयाचा, तो तासा-दीडतासाच्या प्रवासावर आहे. आम्ही शिक्षक होतो तेव्हाची आठवण आहे. मुले प्रश्न कोणता हे नीट समजून घेण्याच्या आतच उत्तर लिहू लागत. सेवेच्या बाबतीत मोठी माणसेही तेच करतात.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि ७ दिवसांचे शिबिर अशी तिची आखणी. परंतु दरवर्षी नवे गाव घेतले तर सात दिवसांत रस्ता झाडला जातो, भाषणे होतात, आणि पुढच्या वर्षी त्या गावाकडे कोणी वळून पाहत नाही. त्याऐवजी महाविद्यालयाने एकच गाव दहा वर्षे धरावे. पहिल्या तुकडीने हातपंप आणि बंधारे यांची नोंद करावी, दुसरीने दुरुस्ती शिकावी, तिसरीने गावातील दोन तरुणांना ती शिकवावी. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला. तेथे शेती, वीज, बांधकाम ही कामे हाच अभ्यासक्रम मानला गेला. तेव्हा हा मार्ग आपल्याला अपरिचित नाही.

परदेशी जाणाऱ्यांनी नाइलाजाने घरी बसावे, असे आमचे म्हणणे नाही. जगाची ओळख व्हावी, दुसऱ्याच्या चुलीजवळ बसून जेवावे, यानेही मन मोठे होते. पण त्याला शिक्षण म्हणावे. सेवेचे नाव घ्यावयाचे तर तिचे मोजमाप सेवा घेणाऱ्याच्या हाती द्यावे. विद्यार्थी निघून गेल्यानंतर तिसऱ्या उन्हाळ्यात तो पंप चालू आहे काय, हा एकच प्रश्न गावकऱ्यांना विचारावा. ते ‘चालू आहे’ म्हणाले, तरच प्रमाणपत्रावर सही व्हावी.