जकात : शिल्लक मालाचा हिशेब

जकात म्हटली की मराठी व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे नाका उभा राहतो. मुंबईतील ते नाके २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर उठले. शब्द मात्र मूळचा अरबी; शुद्धी आणि वृद्धी हे त्याचे अर्थ. इस्लाममध्ये तो संपत्तीतील गरिबाच्या हिश्श्यासाठी योजला जातो.

हनफी रीतीप्रमाणे ज्या व्यापाऱ्यापाशी साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता आहे, त्याने चांद्रवर्ष उलटताच तिचा चाळिसावा भाग द्यावयाचा. दुकानाची इमारत, वजनकाटा, राहते घर हिशेबात येत नाहीत. विक्रीचा माल येतो, आणि तोही खरेदीच्या नव्हे, त्या दिवसाच्या बाजारभावाने. माल ८ लाखांचा, रोकड १ लाख, वसूल होण्याजोगे येणे ३ लाख आणि देणे ४ लाख असेल, तर उरलेल्या ८ लाखांवर २०,००० रुपये. नफा झाला की तोटा, हे येथे कोणी पाहत नाही. हंगाम पडला, गल्ल्यात खडखडाट आहे, तरी फळीवरचा माल मोजावाच लागतो. कठीण जागा हीच. एखादे येणे खरोखर बुडीत आहे काय, पडून राहिलेल्या मालाला कोणता भाव धरावा, हे भारतात कोणी अधिकारी तपासत नाही. वही लिहिणाऱ्यानेच स्वतःला विचारावयाचे. पाकिस्तानात १९८० च्या कायद्याने रमजानच्या प्रारंभी बँकेच्या बचत खात्यांतून ही रक्कम कापली जाऊ लागली, तेव्हा कित्येक खातेदार आधीच पैसे काढून घेऊ लागले!

वास्तविक जकात रमजानमध्येच द्यावी असा नियम नाही. या महिन्यातील दानाचे पुण्य मोठे मानतात, म्हणून अनेक जण आपले वर्ष त्याला जोडून घेतात. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणजे ३१ मार्चच्या ताळेबंदाशी त्याचा मेळ बसत नाही आणि हिशेब दोनदा करावा लागतो.

घेणाऱ्यांचे आठ प्रकार कुराणात सांगितले आहेत. त्यांत गरिबांबरोबर कर्जात बुडालेला आणि वाटेत अडकलेला प्रवासीही आहे. आईवडील व मुले यांना ती देता येत नाही. त्यांचा सांभाळ हे मुळातच कर्तव्य. घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असे सांगण्याचेही बंधन नाही. त्यामुळे व्यापारात बसलेल्या पण पत जपणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी ती ईदची भेट म्हणून पोहोचविता येते.

फित्रा याहून निराळा. ईदच्या नमाजापूर्वी, घरातील तान्ह्या मुलाच्या नावानेही, ठरलेल्या मापाचे धान्य वा त्याची किंमत गरिबाकडे जाते, म्हणजे त्या सकाळी त्याचीही चूल पेटते.