कमानीची दोरी

नागपूरच्या महाल भागातल्या गांधीगेटखालून, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाज्यातून जाताना कमानीच्या दोन्ही बाजूंचं भक्कम बांधकाम नीट पाहा. कमानीवर भार आला की तिचे पाय बाहेर फाकू पाहतात. तो रेटा हे बांधकाम अडवतं. समुद्रात एवढी भक्कम भिंत कुठून आणायची? तिथे कमानीचे दोन्ही पाय पोलादी तुळईनं एकमेकांना जखडतात, धनुष्याला दोरी बांधावी तसे. रेटा त्या ताणातच जिरतो, रस्ता कमानीला टांगलेला राहतो आणि खांबांवर मुख्यतः उभा भारच येतो. म्हणून खाडीवर, मऊ जमिनीत, रेल्वेमार्गावर असे पूल बांधतात. वरळीच्या कोळी बांधवांनी बोटींसाठी रुंद वाट मागितली, तेव्हा किनारी रस्त्याच्या आराखड्यातला एक खांब वगळावा लागला. २०२४च्या एप्रिल-मेमध्ये तिथे १३६ आणि १४३ मीटर लांबीच्या अशा दोन कमानी बसल्या आणि रस्ता सागरी सेतूला जोडला गेला. पण २०१९मध्ये तैवानमधला असाच नानफांगआओ पूल टांगत्या केबल गंजल्यामुळे कोसळला, सहा माणसं गेली. खाऱ्या हवेतल्या पुलाला उद्घाटनापेक्षा तपासणीची गरज मोठी असते. त्या कामाचा पैसा आणि माणसं कधीही कमी पडू देऊ नयेत.